चमचाभर झमझम

मुंबई, ८ जानेवारी

…त्या सकाळी मी सोडे उन्हात घातले होते. कावळ्यांचा त्रास नको म्हणून वरून जुनं जाळं पसरलं, विहिरीवरून पाणी आणलं, अंगण झाडलं आणि पीठ उकडून भाकऱ्या थापायला बसले. कैस रोजच्यासारखा मागच्या दाराने आला आणि चुलीपाशी टेकला. माझ्या हातची पहिली भाकरी खाल्ल्याशिवाय तो जेटीवर जात नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी त्याने अर्धी खाल्ली आणि उरलेली मांजरापुढे टाकली.

"भरलं पोट," म्हणाला.

बोटीच्या इंजिनाने त्याचे कान घालवलेत, म्हणून मी ओरडूनच विचारलं, "अर्ध्या भाकरीत?"

"मांजर बारीक झालीय, आपा."

मांजर बारीक झालेली नव्हती. आमच्या घरात कॅन्सर आला तो असा, मांजराच्या नावाने.

हुझैफा, पत्र असं मधूनच सुरू केलं. सलाम-दुवा लिहून सुरुवात केली असती तर पुढे काय असणार ते ओळखून तू घडी घातली असतीस. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या अम्मीचा नाही, माझाही नाही. आपल्या बोर्लीचा मोरू रजा संपवून शारजाला निघालाय, तुझ्याच खोलीवर. त्याच्याबरोबर सोड्यांचं पुडकं आणि हा कागद देते. फोन वाजून वाजून थांबतो. कागद पडून राहतो, कधीतरी वाचला जातो.

त्या दिवशी वॉर्डात जे झालं ते तू तुझ्या मनात शंभर वेळा पाहिलं असशील. एकदा माझ्या डोळ्यांनी बघ. तुझ्या बापाचं, कैसचं, सगळं जठर काढलं होतं आणि अन्ननळी खाली आतड्याला जोडली होती. तो जोड धरेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नव्हतं. तू मक्केत उमरा करून तसाच विमानात बसलास आणि बॅग न ठेवता वॉर्डात आलास. तिथल्या झमझम विहिरीच्या पाण्याची बाटली काढलीस, नियत केलीस, बापाच्या ओठाला चमचा लावलास. त्याने गिळलं, तोंड वाकडं केलं आणि उजव्या हाताने डावा खांदा धरला. दुपारनंतर ताप भरला. अम्मी म्हणाली, "पाणी पाजून मारलंस बापाला." तू बॅग उचललीस आणि गेलास.

चमचा तुझ्या हातात होता. मान मी उचलून धरली होती. हे मी तुझ्या अम्मीला तिथल्या तिथे सांगितलं. ती माझ्याशीही बोलेनाशी झाली, पण जेवतो दोघी एकाच डब्यातून. खाटेच्या उशाला पाटी होती, "तोंडाने काही देऊ नये." मी ती रोज वाचत होते. झमझम हे त्या "काही"त येतं असं माझ्या मनातच आलं नाही. तुझ्याही आलं नसेल. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात ते घालतात, जन्मलेल्याच्याही घालतात. त्याला कोण पाणी समजतं?

आता आजचं लिहिते, कारण आज मी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

जोड कुठे गळतोय का हे बघायला कैसला खाली नेलं. तिथले डॉक्टर सम्यक म्हणून आहेत, आपल्या म्हसळ्याच्या बाजूचे, वयाने तुझ्याएवढे. त्याला काही ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी मलाच आत घेतलं. शिसं भरलेला अंगरखा माझ्या अंगावर चढवला, ओल्या गोणपाटासारखा जड. "मावशी, मी खूण केली की त्यांना गिळायला सांगा." मग फळीसकट कैसला उभा केला आणि पडद्यावर तो दिसू लागला. म्हणजे आतला कैस. बरगड्या होडीच्या सांगाड्यासारख्या. एका कडेला काळीज हलत होतं. माझ्या भावाचं काळीज, हुझैफा, साठीला आलेलं, अल्लाहच्या मर्जीने चाललेलं. माझ्या तोंडून सुब्हानअल्लाह निघालं तर डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मलाही रोज तसंच वाटतं."

मी ओरडले, "गिळ!" त्याने पेल्यातलं कडू औषध गिळलं. पडद्यावर ते काळं दिसतं. शाईची एक रेघ गळ्यातून उतरली, जोडापाशी क्षणभर अडली आणि खाली सांडली. डॉक्टरांनी त्याला या कुशीवर, त्या कुशीवर वळवलं. रेघ कुठेच फुटली नाही.

"गळती दिसत नाही," ते म्हणाले.

तेव्हा जेवत जा. बाकी सगळं ठीक आहे.

फुफू

मुंबई, १३ जानेवारी

मोरूने कळवलं की सोडे तू खाल्लेस आणि कागद फ्रिजवर ठेवलास. ठीक. सोडे खाणारा माणूस मेलेला नसतो. यापुढचे कागद मी फोटो काढून मोरूच्या फोनवर टाकणार आहे. तो दुकानात छापून तुझ्या उशाशी ठेवील. फोटो न बघता पुसू शकतोस, छापलेला कागद फाडायला थोडी हिंमत लागते.

मागच्या पत्रात "बाकी सगळं ठीक आहे" लिहिलं ते खरं नव्हतं. ताप उतरलेला नव्हता. चित्र स्वच्छ आणि माणूस तापलेला. मोठ्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी ऑपरेशन केलं त्या, खाटेपाशी आल्या आणि त्यांनी मला पुन्हा सगळं विचारलं. मीही पुन्हा सगळं सांगितलं, चमच्यासकट.

"पाणी प्यायल्यावर पोटात दुखलं?"

"पोटात न्हाय. त्याने खांदा धरला. डावा."

बाई लिहायच्या थांबल्या. पोटात वर, फुप्फुसांखालच्या पडद्याच्या खाली काही साचलं की दुखणं खांद्यात निघतं म्हणे. खांद्याला काहीच झालेलं नसतं. माणसाचं दुखणं कुठे असतं आणि तो हात कुठे ठेवतो. त्यांनी लगेच दुसऱ्या मशीनवर न्यायला सांगितलं, जिच्या गोल भोकातून माणूस आतबाहेर सरकतो. तेच औषध त्याला थोडं पाजलं. या वेळी मी काचेमागे होते.

हे मशीन माणसाचे पावासारखे काप करून दाखवतं आणि माणूस अख्खाच राहतो. डॉक्टर सम्यक एकेक काप पुढे सरकवत होते. पाठीचा मणका, यकृत, प्लीहा, ही नावं मला ठाऊक होती. कुठून, ते तुला सांगते.

माझे मालक, तुझे फुफा वली, कुवेतमध्ये वारले तेव्हा मला एक फोन आला होता. पोटात दुखतं म्हणाले, झोपले आणि उठले नाहीत. दफन तिकडेच झालं. चेहरा मी पाहिला नाही. आत काय झालं होतं ते कुणाला सांगता आलं नाही. नवऱ्यामागे इद्दतीचे चार महिने घरात बसून होते तेव्हा तुझी अम्मी जेवण देऊन जायची आणि तू तुझी जुनी पुस्तकं आणून द्यायचास. चौथीत शाळा सुटलेली बाई मी, त्या दिवसांत खरी वाचायला शिकले. तुझ्या नववीच्या विज्ञानात पोटाचं चित्र होतं. जठराला तू मिशा काढल्या होत्यास. मी त्या चित्रावर बोट फिरवायचे. ह्यांचं इथे दुखलं असेल, की इथे? मिशांवर हसू यायचं आणि बोट तिथेच राहायचं.

आणि आता मी एका काचेमागे उभी होते आणि माझ्या भावाचं पोट माझ्यासमोर उघडं होतं, रक्ताचा थेंब न सांडता. पडद्यावर बोट ठेवायला परवानगी नव्हती. मी हात पदरात गुंडाळून ठेवले.

"हे बघा, मावशी."

त्या मशीनवर औषध पांढरं दिसतं. जोडाच्या मागे, जिथे काही असायला नको तिथे, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. पुढच्या कापात तो लांबला. त्याच्या पुढच्यात त्याचं इवलंसं डबकं झालेलं. शेजारी हवेचा काळा बुडबुडा.

"ही गळती?"

"हीच. त्या दिवशी सूज होती, दिसली नाही. लहान गळती कधीकधी निसटते. म्हणून आम्ही एका चित्रावर विसंबत नाही."

मग मी ते विचारलं जे विचारायला तुझ्या न उचललेल्या फोनने मला लावलं. "डॉक्टर, चमचाभर पाण्याने हा जोड फाटला का?"

त्यांनी खुर्ची वळवली. "मावशी, तोंडाने काही देऊ नका असं आम्ही लिहिलं. पण थुंकी तर त्यांनी गिळलीच ना?"

"ती कोण अडवणार?"

"माणूस दिवसाकाठी लिटरभर थुंकी गिळतो. ऑपरेशन झाल्यापासून ती रोज त्या जोडावरून जातेय. त्यात तुमचा एक चमचा. जोड सुटतो तो तिथलं मांस नीट धरत नाही म्हणून. पाण्याने भोक पडत नाही. भोक असलं तर पाणी ते शोधतं, एवढंच."

मी तुझ्या अम्मीला बोलावून आणलं आणि त्यांना हेच पुन्हा सांगायला लावलं. डॉक्टर पुढे म्हणाले, "म्हणून पुन्हा द्यायचं नाही हं."

"न्हाय देणार," अम्मी म्हणाली. तिच्या तोंडून आठवडाभरात निघालेला तो पहिला सरळ शब्द.

त्याच मशीनखाली चित्र बघत बघत त्यांनी पाठीकडून सुई घातली आणि त्या डबक्यापर्यंत एक नळी पोचवली. काळजाच्या खाली, फुप्फुसाच्या कडेने, कशालाही धक्का न लावता. नळीतून गढूळ पाणी आलं. मी आयुष्यात इतका बारीक रस्ता कुणाला चालताना पाहिलेला नाही.

डॉक्टरांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिलेत. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्यांच्यावर ठेव.

फुफू

मुंबई, २९ जानेवारी

मोरू म्हणतो दुसरा कागद तू उशीखाली ठेवलास. वाचलास की नाही ते त्याला ठाऊक नाही. "मी काय त्याच्या डोळ्यांवर पहारा देऊ काय?" असं तो मला म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

मधे मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आता आहे म्हणून मागचंही सांगते. नळी घातल्यावर दोन दिवसांनी कैसचा श्वास बिघडला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, जवळच्या लोकांना कळवून ठेवा. अम्मीने तुला फोन लावला, तो वाजून थांबला. मग ती जिन्यात जाऊन बसली. मी कुराणातलं यासीन पढत होते आणि मधेच अडत होते, कारण डोळ्यांसमोर सारखा तो पांढरा ठिपका यायचा. एवढ्याशा ठिपक्यातून माणूस निघून जाऊ शकतो. एवढ्या भोकातून पिशवीतलं पीठही धड सांडत नाही.

तो गेला नाही. नळीतलं पाणी रोज थोडं स्वच्छ होत गेलं. पोटातून थेट आतड्यात घातलेल्या दुसऱ्या नळीने त्याला अन्न देतात. घास नाही, चव नाही, पण अंगात जोर आलाय. काल उठून बसला आणि पहिली तक्रार केली. म्हणाला, "यंदाचे माझे रोजे झाले. रमजानला मला कुणी उठवू नका."

डॉक्टर सम्यक त्याला चित्रं दाखवायला खाटेपाशी आले होते. मी कानाशी ओरडून समजावत होते. कैसने चित्र हातात धरून लांब-जवळ केलं.

"अहो, हे तर आमचंच काम," तो म्हणाला. "लाकडी होडीच्या सांध्यात कापूस आणि राळ भरली की समुद्रात सोडायची घाई करायची नाही. किनाऱ्यावरच ठेवायची आणि आत पाणी भरायचं. बाहेरून ओल कुठे फुटते ते बघत बसायचं."

"मग ओल दिसली की?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबायचं. कधी लाकूडच फुगतं आणि सांधा आपोआप मिटतो. न्हाय मिटला तर पुन्हा ठोकायचं."

"आम्हीही थांबलोय."

"थांबा, थांबा. मी कुठे जातोय? ढुंगणाला चार नळ्या बांधून ठेवल्यात."

नर्स हसली, अम्मी पदराआड हसली. तू असतास तर तूही हसला असतास.

त्याने तुझी चौकशी केली. "पोरगं न सांगता कसं गेलं?" मी म्हटलं, ड्युटी होती. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कान गेलेल्या माणसाला तोंडं वाचता येतात, माझं त्याला लहानपणापासून वाचता येतं. मग त्याने खिडकीतल्या बाटलीकडे बोट केलं.

तुझी बाटली तिथेच आहे. पहिले काही दिवस अम्मीला ती डोळ्यांसमोर नको होती, पण झमझम मोरीत ओतणार कोण? मला जमलं नाही, तिला जमलं नाही. सफाईवाल्या तुळशीने उचलून बाजूला ठेवायला घेतली तर दोघी एकदम धावलो. देता येत नाही, टाकता येत नाही. मग अम्मीने तिच्यावर स्वतःचा रुमाल झाकला. परवा तो रुमाल धुऊन पुन्हा घातला.

मी तिला विचारलं, हुझैफाला काय लिहू? ती भाजी निवडतात तशी चादरीवरचे धागे निवडत होती. म्हणाली, "जेवतो का विचार."

तर विचारते. जेवतोस का?

फुफू

मुंबई, १० फेब्रुवारी

मोरूने सांगितलं, तू तिन्ही कागद एका बैठकीत वाचलेस, इमारतीच्या जिन्यात बसून. आणि त्याला एकच विचारलंस, "खांदा डावाच होता ना?" डावाच होता. मान माझ्याच हातात होती.

परवा पुन्हा ती तपासणी झाली. औषध गिळायची, पहिल्या दिवशीसारखी. या वेळी मी आत गेले नाही. शिशाचा अंगरखा मी तुझ्या अम्मीला चढवला. ती म्हणाली, "मला न्हाय कळत त्यातलं काही." मी म्हटलं, कळायचं नाहीये, ओरडायचं आहे, आणि ते तुला चांगलं जमतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की आमचं पूर्वीचं भांडण परत आलं. मला बरं वाटलं.

मी काचेमागे डॉक्टर सम्यकांच्या शेजारी बसले. कैस पडद्यावर आला. बरगड्या आता जास्त ठळक दिसत होत्या, अंगावरचं मांस गेलंय. काळीज त्याच्या कडेला चाललेलंच होतं. आम्ही ताप बघत होतो, नळ्या बघत होतो, भांडत होतो, रडत होतो आणि ते एक दिवसही न थांबता चाललं होतं. कुणी त्याला सांगायला गेलं नव्हतं. मी मान खाली घातली. एवढं मोठं काम आत चाललेलं असताना त्याच्याकडे टक लावून पाहणं मला बेअदबी वाटली. मग पुन्हा वर पाहिलं, कारण न पाहणं जमेना.

"गिळा!" अम्मी ओरडली. काच हलली असेल.

काळी रेघ उतरली. जोडापाशी आली. मी श्वास धरला. डॉक्टरांनीही धरला असावा, त्यांचा पाय हलायचा थांबला. रेघ खाली गेली. डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा गिळायला लावलं. उजव्या कुशीवर, पुन्हा. पहिल्या वेळी असंच स्वच्छ दिसलं होतं आणि आत भोक होतं, हे मी विसरले नव्हते. म्हणून मी काही बोलले नाही. त्यांनीही पहिल्यासारखं लगेच काही सांगितलं नाही. लगेच त्याला त्या गोल मशीनवर नेलं आणि सगळे काप एकेक करून पाहिले. जिथे तो ठिपका होता तिथे ते थांबले. पुढे गेले, मागे आले, पुन्हा थांबले. तिथे काहीच नव्हतं. करडं, साधं, भरलेलं मांस.

"बंद झालीय, मावशी."

एवढ्या करड्या रंगाकडे बघून मी कधी रडेन असं मला वाटलं नव्हतं. माणसाच्या आत अंधारात, कुणी न बघता, मांसाने मांस धरलं. बाईंचे टाके होते, नळ्या होत्या, औषधं होती, सगळं खरं. पण धरलं ते त्यानेच. मला तुझे फुफा आठवले. त्यांच्या आतही काही तरी धरायला धडपडलं असेल. ते बघायला तिथे कुणी नव्हतं. आज मी दोघांच्या वाटणीचं पाहिलं, असं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी मोठ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, उद्या सकाळी पाणी सुरू करा. उकळून गार केलेलं, चमच्या-चमच्याने. कॅन्सरचं पुढे काय, औषधं किती, ते नंतर बोलू. उद्या फक्त पाणी.

मी कैसच्या कानाशी सांगितलं. त्याने खिडकीकडे बोट केलं.

"ते पाणी," म्हणाला. "माझ्या पोराने आणलेलं."

अम्मी उठली. रुमाल काढला, बाटली पुसली, हातात घेऊन उभी राहिली. मग हळूच मला म्हणाली, "बाई उकळून म्हणाल्या. झमझम उकळायचं कसं?"

हा प्रश्न मला पडला नव्हता आणि पडल्यावर सुटेना. शेवटी मी तो कैसच्या कानात ओरडले. शेजारच्या खाटेवरचे रामचंद्रकाका उठून बसले.

कैस म्हणाला, "उकळ गं. अल्लाहचं पाणी गॅसला भितं काय?"

तिने बाटली माझ्याकडे दिली आणि पुन्हा काढून घेतली. "अर्धंच घ्या," म्हणाली. "अर्धं ठेवा. त्याने आल्यावर स्वतः पाजू दे." मग कैसकडे पाठ करून तिने माझ्या हातातला फोन घेतला, तुझा नंबर लावला, वाजू दिला, आणि थांबल्यावर रागावली नाही. "ड्युटीवर असेल," म्हणाली. मी खोटं म्हणून सांगितलेला शब्द तिने तुझ्या बाजूने वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या कँटीनमध्ये जाऊन ते पाणी उकळून आणलं, गार होऊ दिलं आणि कैसची मान उचलून धरली. तुझ्या अम्मीने त्याच्या ओठाला चमचा लावला. त्याने गिळलं, आणि हात खांद्याकडे गेला नाही.

फुफू